शर्ट बरोबर, माणूस चुकला

२०१० साली फेसबुकच्या जन्माची गोष्ट सांगणारा ‘द सोशल नेटवर्क’ प्रदर्शित झाला. त्यावर मार्क झुकरबर्गने दिलेली प्रतिक्रिया मजेशीर होती. कपडे अगदी बरोबर दाखवलेत, म्हणाला. पडद्यावरच्या झुकरबर्गच्या अंगातला एकेक शर्ट त्याच्या स्वतःच्या कपाटातही होता. चुकलं होतं ते कारण. चित्रपटातला मुलगा एका मुलीने झिडकारलं, बड्या क्लबांनी आत घेतलं नाही, म्हणून पेटून उठतो आणि फेसबुक उभं करतो. खऱ्या झुकरबर्गचं पुढे जिच्याशी लग्न झालं, तिच्याशी त्याचं फेसबुकच्या आधीपासूनच जमलेलं होतं.

सत्य घटनेवरच्या चित्रपटांबद्दल बोलताना आपण ‘हुबेहूब’ हा शब्द फार सैल वापरतो. नट हुबेहूब दिसतो, चष्मा हुबेहूब, गाडी त्याच सालची, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा त्याच महिन्याचं. हे जमवायला कष्ट पडतात, मान्य. पण त्यासाठी छायाचित्रं असतात, जुन्या चित्रफिती असतात, पैसे असले की कपडे शिवून मिळतात. माणूस तसा का वागला याचं छायाचित्र कुणी काढून ठेवलेलं नसतं. आणि गंमत अशी, की कॅलेंडर बरोबर दिसलं की पुढचं सगळंच खरं धरून आपण निवांत बसतो. बाहेरचा तपशील आतल्या गोष्टीला जामीन राहतो.

मग जसं घडलं तसंच का दाखवत नाहीत? कारण ते शक्य नसतं. साठ-सत्तर वर्षांचं आयुष्य अडीच तासांत बसवायचं असतं. एका मोहिमेत शेकडो माणसं राबलेली असतात आणि प्रेक्षकाच्या लक्षात फार तर आठ-दहा चेहरे राहतात. बंद खोलीत दोन माणसं काय बोलली याची नोंद नसते, पण पटकथेला संवाद लागतोच. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे खऱ्या आयुष्याला क्लायमॅक्स नसतो. माणूस जिंकतो, मग पुढची वीस वर्षं गुडघेदुखी आणि घराचे हप्ते. रिचर्ड अॅटनबरो यांच्या ‘गांधी’च्या (१९८२) सुरुवातीलाच पडद्यावर कबुली येते, की कुणाचंही आयुष्य एका कथनात मावत नाही, नोंदींच्या आत्म्याशी इमान राखून त्या माणसाच्या मनापर्यंत पोचायचा प्रयत्न तेवढा करता येतो. इतकी सरळ कबुली क्वचित कुणी देतो.

तेव्हा ‘बदल केलाय का?’ हा प्रश्नच निरुपयोगी आहे. केलेलाच असतो. विचारायचं ते हे, की बदल कशात केला आणि त्याची किंमत कुणाच्या खात्यातून वळती झाली.

सगळ्यात स्वस्त बदल काळाचा. ‘हिडन फिगर्स’मध्ये (२०१६) अंतराळवीर जॉन ग्लेन उड्डाणापूर्वी सांगतो, यंत्राने काढलेले आकडे त्या बाईंकडून तपासून घ्या, मग मी निघतो. त्या बाई म्हणजे ‘नासा’तल्या गणितज्ञ कॅथरीन जॉन्सन. त्या भराभर गणित करतात, कागद घेऊन धावत येतात, यान सुटतं. ग्लेनने तसं सांगितलं होतं हे खरं. फक्त ती तपासणी काही मिनिटांत उरकलेली नव्हती, तिला दिवस लागले होते आणि ती उड्डाणाच्या बरीच आधी झाली होती. या बदलाने कुणाचंही काही बिघडत नाही. जॉन्सनबाईंची हुशारीही तेवढीच राहते आणि ग्लेनचा विश्वासही.

पण काळाचा प्रत्येक बदल इतका निरुपद्रवी नसतो. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सोडी’त (२०१८) गायक फ्रेडी मर्क्युरीला आपल्याला एचआयव्हीची लागण झाल्याचं जुलै १९८५च्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमाआधी कळतं आणि तो बँडमधल्या मित्रांना तालमीत ते सांगतो. त्यामुळे शेवटचा भव्य कार्यक्रम म्हणजे मरण समोर दिसत असलेल्या माणसाचं गाणं होतं. आता सर्वसाधारणपणे मान्य असलेल्या माहितीनुसार त्याला हे निदान कळलं ते १९८७च्या सुमारास. म्हणजे १९८५ साली तो गात होता तो निव्वळ एक जबरदस्त कलाकार म्हणून, फॉर्मात. दोन वर्षांची तारीख सरकवली आणि त्या वीस मिनिटांचा अर्थच बदलला. कागदावर हा काळाचा बदल आहे, पण हात घातलाय तो माणसाच्या मनात.

खरा महाग बदल असतो तो नाव घेऊन केलेल्या कृतीचा. याचं मला सापडलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण ‘टायटॅनिक’मध्ये (१९९७) आहे. प्रेमकथा काल्पनिक, जॅक आणि रोज काल्पनिक, हे सगळ्यांना माहीत असतं. पण जहाजाचा कप्तान, रचनाकार, अधिकारी खरे आहेत. त्यांतला फर्स्ट ऑफिसर विल्यम मर्डोक आठवतो का? श्रीमंत खलनायक नावेत जागा मिळावी म्हणून त्याच्या कोटात नोटा कोंबतो. पुढे मर्डोक ते पैसे त्याच्या तोंडावर फेकतो, पण मग गर्दी अंगावर येते तेव्हा प्रवाशांवर गोळ्या झाडतो आणि शेवटी सलाम ठोकून स्वतःला संपवतो. प्रसंग म्हणून अंगावर येतो. चांगला लिहिलाय, चांगला वठवलाय.

त्या रात्री कुणा अधिकाऱ्याने गोळी झाडल्याचं काही वाचलेल्यांनी सांगितलं होतं. तो अधिकारी कोण, हे मात्र कधीच ठरलं नाही. लाच घेतल्याला तर काहीच आधार नाही. उलट मर्डोकने आपल्या बाजूच्या नावा नेटाने भरून सोडल्या आणि जवळ बायका उरल्या नाहीत तर पुरुषांनाही बसू दिलं, ज्यामुळे कितीतरी जण जगले. स्कॉटलंडमधल्या डॅलबीटी या त्याच्या गावात तो अजूनही गावचा मोठा माणूस आहे, शाळेत त्याच्या नावाने पारितोषिक दिलं जातं. जगभरातल्या प्रेक्षकांनी त्यालाच खुनी म्हणून पाहिलं तेव्हा गाव आणि त्याचे नातलग खवळले. १९९८मध्ये फॉक्स कंपनीचा एक उपाध्यक्ष डॅलबीटीला गेला, माफी मागितली आणि त्या पारितोषिकासाठी ५,००० पौंड दिले. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन यांनीही पुढे मान्य केलं, की आपण गोष्ट सांगणाऱ्याच्या तंद्रीत होतो. हा नाव असलेला माणूस आहे, त्याचे घरचे हे पाहतील, हे ध्यानात घ्यायला हवं होतं.

इथे एक साधा उपाय हाताशी होता. त्या अधिकाऱ्याला नाव न देणं. पटकथेतली एक ओळही बदलावी लागली नसती.

नीट पाहिलं तर हा प्रकार सारखा दिसतो. नायकाबद्दल चित्रपटवाले जपून असतात. त्याच्या घरच्यांशी बोलणी झालेली असतात, हक्क घेतलेले असतात, तो स्वतः प्रीमियरला येणार असतो. बाजूच्या माणसाचं तसं काही नसतं. पण नायक मोठा दिसायचा तर समोर कुणीतरी आडमुठा लागतो आणि मग जवळ सापडेल त्याच्यावर ती जबाबदारी पडते.

‘दंगल’ (२०१६) घ्या. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेतला गीता फोगटचा अंतिम सामना चित्रपटात शेवटच्या क्षणापर्यंत ताणलेला आहे आणि राष्ट्रीय प्रशिक्षकाने कट करून तिच्या वडिलांना एका खोलीत कोंडून ठेवलंय. प्रत्यक्षात गीताने तो सामना सहज, एकतर्फी जिंकला होता आणि वडिलांना कोंडण्याचा प्रकार घडलाच नव्हता. सामना ताणला याबद्दल माझी तक्रार नाही; कुस्ती पडद्यावर रंगली पाहिजे. खोलीला कुलूप मात्र टोचतं. चित्रपटाने प्रशिक्षकाचं नाव बदललं होतं, पण गीताचं नाव खरं, स्पर्धा खरी, साल खरं. त्या वर्षी महिला कुस्ती संघाचा मुख्य प्रशिक्षक एकच होता. नाव बदलून लपणार कोण? त्या प्रशिक्षकांनी जाहीरपणे नाराजी व्यक्त केली. कोट्यवधी लोकांनी पाहिलेल्या चित्रपटापुढे ती कितीशी ऐकू जाणार?

‘द इमिटेशन गेम’मध्येही (२०१४) तेच. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे सांकेतिक संदेश फोडणारं यंत्र बनवण्यासाठी गणितज्ञ अॅलन ट्युरिंग एकटा झगडतोय आणि त्याचा वरिष्ठ, कमांडर डेनिस्टन, यंत्र बंद पाडायला टपलाय. खऱ्या डेनिस्टननेच युद्धाआधी गणितज्ञांना या कामासाठी गोळा केलं आणि १९३९मध्ये पोलंडला जाऊन तिथल्या संकेतभेदकांची विद्या इंग्लंडला आणण्यात त्याचा वाटा होता. त्याच्या वंशजांना वाईट वाटलं यात नवल नाही. या चित्रपटात तर खुद्द नायकही सुटला नाही. सोबतचा माणूस सोव्हिएत हेर आहे हे कळूनही ट्युरिंग धमकीला घाबरून गप्प बसतो, असा एक धागा त्यात आहे. तो हेर, जॉन केर्नक्रॉस, त्याच ठिकाणी काम करत होता, पण वेगळ्या विभागात. ट्युरिंगने त्याला पाठीशी घातल्याचा कसलाही पुरावा नाही. ज्या माणसाला न्याय मिळावा म्हणून चित्रपट काढला, त्याच्या माथी रहस्याची फोडणी म्हणून देशाशी बेइमानीचा ठपका! लेखकाच्या हे ध्यानातही आलं नसेल, असं मला वाटतं. कथानकाची गरज भागवताना हात असा सहज घसरतो.

यावर उपाय म्हणून बरेच जण अनेक खऱ्या माणसांचं मिळून एक पात्र करतात. ‘शिंडलर्स लिस्ट’मधला (१९९३) हिशेबनीस इत्झाक स्टर्न खरा, पण पडद्यावरच्या स्टर्नच्या वाट्याला आणखी दोघा-तिघांची कामं आली आहेत. ‘चेर्नोबिल’ या २०१९च्या मालिकेतली शास्त्रज्ञ उलाना खोम्युक तर पूर्ण कल्पित आहे. अणुभट्टीच्या अपघाताचा तपास करणारे शास्त्रज्ञ लेगासोव्ह यांना मदत करणारे कितीतरी शास्त्रज्ञ तिच्यात एकवटले आहेत आणि मालिकेच्या शेवटी तसं स्पष्ट लिहून सांगितलं आहे. मला हा मार्ग प्रामाणिक वाटतो. खोम्युक आवडली तर आवडली, न आवडली तर कुणा खऱ्या माणसाची बदनामी नाही.

पण एकत्र करण्यातही एक मेख आहे. पुन्हा ‘हिडन फिगर्स’कडे येतो. काळ्या स्त्रियांसाठीचं स्वच्छतागृह अर्ध्या मैलावर, म्हणून कॅथरीन जॉन्सन पावसात फायली घेऊन धावते, हा त्यातला सगळ्यांना आठवणारा प्रसंग. तसा अपमान खरोखर सोसला होता तो तिची सहकारी मेरी जॅक्सन हिने. जॉन्सनबाई पाटी न लावलेलं जवळचंच स्वच्छतागृह बिनदिक्कत वापरत होत्या. म्हणजे अनुभव खरा, व्यक्ती दुसरी. इथपर्यंत चालेल असं मी म्हणेन. पण मग चित्रपटात त्यांचा गोरा साहेब येतो आणि ती भेदभावाची पाटी स्वतःच्या हाताने तोडून टाकतो. हा साहेब अनेकांचं मिळून केलेलं पात्र आहे आणि पाटी फोडण्याचा तो प्रसंग कल्पित आहे. खऱ्या जॉन्सनने कुणाची वाट न बघता नियमच जुमानला नव्हता. त्या शांत हट्टाच्या जागी आपल्याला मिळाला एक दयाळू साहेब. टाळ्या त्याला पडल्या.

चांगल्या हेतूने केलेल्या बदलांचा निवाडा करणं आणखी अवघड. ‘अ ब्यूटिफुल माइंड’मधल्या (२००१) गणितज्ञ जॉन नॅश यांना स्किझोफ्रेनिया होता. चित्रपटात त्यांना माणसं दिसतात. खऱ्या नॅशना आवाज ऐकू येत. हे समजण्यासारखं आहे, कानातला आवाज पडद्यावर कसा दाखवणार? पण शेवटाकडे, नोबेल मिळायच्या सुमारास, म्हणजे १९९४ साली, चित्रपटातले नॅश आपण नव्या पद्धतीची औषधं घेत असल्याचं सांगतात. खऱ्या नॅश यांनी १९७०नंतर औषधं घेतलीच नव्हती. मग हे वाक्य का घातलं? कारण चित्रपट पाहून तोच आजार असलेल्या कुणी गोळ्या बंद केल्या तर, अशी भीती लिहिणाऱ्यांना वाटली. एका माणसाशी खोटं वागून हजारो अनोळखी माणसांना जपलं. मी या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी बराच विचार केलाय आणि मला अजून ते वाक्य काढून टाका असं म्हणवत नाही.

आता त्या बंद खोल्यांकडे. जिथे साक्षीदार नाही, तिथे लेखकाने काय करावं?

‘फ्रॉस्ट/निक्सन’मध्ये (२००८) १९७७च्या गाजलेल्या मुलाखतींच्या शेवटच्या फेरीआधी अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष निक्सन रात्री दारूच्या नशेत मुलाखतकाराला फोन करतो आणि मनातलं विष ओकतो. असा फोन झालाच नव्हता. तरी निक्सनबद्दल उपलब्ध असलेला कागद नि कागद वाचून त्या माणसातला जो सल सापडतो, तोच त्या फोनमध्ये आहे. काहींना हे पटतं, काहींना संताप येतो. मी मधे कुठेतरी आहे. निक्सन सत्तेवर होता, त्याच्या ध्वनिफिती जगाने ऐकल्या, तो समर्थ होता. तेवढी कल्पना त्याच्याबाबतीत सहन व्हावी.

याउलट ‘अलीगढ’. प्रा. रामचंद्र सिरस अलीगढच्या विद्यापीठात मराठी शिकवत, कविता लिहीत. २०१०मध्ये त्यांच्या घरात घुसून त्यांचं चित्रीकरण केलं गेलं, समलिंगी संबंधांवरून नोकरीतून निलंबित केलं गेलं. न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला आणि काही दिवसांतच ते गेले. हंसल मेहता यांच्या चित्रपटात एक लांब प्रसंग आहे. सिरस खोलीत एकटे, हातात पेला, लता मंगेशकरांचं जुनं गाणं लागलंय आणि मनोज बाजपेयी त्या सुरांत हळूहळू विरघळत जातो. बाकी काही घडत नाही. सिरस एकटे असताना खरंच असे बसत का? पाहायला कोण होतं? तरीही त्यांचं एकटेपण कळतं ते इथेच. आणि या कल्पनेने त्यांच्याकडून काही काढून घेतलेलं नाही. कॅमेरा घेऊन घुसलेल्यांनी त्यांना ज्या खोलीत उघडं पाडलं, त्याच खोलीत चित्रपटाने त्यांना थोडा वेळ निवांतपणा दिला. कल्पनेला हरकत नसते हे मला या प्रसंगाने शिकवलं. ती कुठे वापरली हे बघावं लागतं.

नटाच्या बाजूनेही हा प्रश्न गमतीचा आहे. ‘लिंकन’मध्ये (२०१२) डॅनियल डे-लुईसचा आवाज ऐकून अनेकांना धक्का बसला. अब्राहम लिंकन म्हणजे खर्जातला भारदस्त आवाज, असं सगळ्यांनी मनाशी धरलेलं. ध्वनिमुद्रण शोधलं गेलं १८७७मध्ये आणि लिंकनचा खून झाला १८६५ला, त्यामुळे तो आवाज आज जिवंत असलेल्या कुणीच ऐकलेला नाही. पण त्याला ऐकलेल्यांनी लिहून ठेवलंय की तो उंच पट्टीतला, किंचित किनरा होता. डे-लुईसने तसा लावला. म्हणजे प्रेक्षकांना जे खोटं वाटलं तेच खऱ्याच्या जवळचं होतं. (त्याच चित्रपटात गुलामगिरीविरोधी घटनादुरुस्तीवर कनेटिकट राज्याच्या दोन प्रतिनिधींनी विरोधी मत दिल्याचं दाखवलंय. प्रत्यक्षात चारही जणांनी बाजूने मत दिलं होतं. आवाजापर्यंत काळजी घेणाऱ्यांकडून एक अख्खं राज्य चुकीच्या बाजूला बसवलं गेलं.)

नक्कल आणि अभिनय यांतला फरकही इथेच कळतो. नकलाकार लकबी उचलतो. चांगला नट त्या लकबी कशामुळे आल्या ते शोधतो आणि बऱ्याच लकबी सोडून देतो. सुबोध भावे यांनी बालगंधर्व, लोकमान्य टिळक आणि डॉ. काशिनाथ घाणेकर अशी एकमेकांशी काडीचंही साम्य नसलेली तीन माणसं उभी केली. चेहऱ्याचं साम्य हीच कसोटी असती तर एका माणसाला हे जमलंच नसतं. ‘मी वसंतराव’मध्ये (२०२२) तर राहुल देशपांडे यांनी आपल्या आजोबांची, पं. वसंतराव देशपांडे यांची भूमिका केली. रक्ताचं नातं, गाण्याचा वारसा, सगळं खरं. पण आजोबा गेले १९८३मध्ये, तेव्हा नातू जेमतेम चार वर्षांचा होता. म्हणजे त्यांनाही आजोबा शोधायला लागले ते ध्वनिमुद्रणांतून आणि इतरांच्या आठवणींतूनच.

मग खऱ्या माणसालाच उभं केलं तर? क्लिंट ईस्टवुड यांनी ‘द १५:१७ टू पॅरिस’मध्ये (२०१८) ते केलं. २०१५मध्ये रेल्वेत एका बंदूकधाऱ्याला पकडणारे तीन अमेरिकी तरुण त्यात स्वतःच्याच भूमिकेत आहेत. झटापटीत ते छान वाटतात. पण त्याआधीच्या गप्पा, सहल, घरातलं बोलणं ते इतकं अवघडून बोलतात की खरे मित्र खोटे वाटायला लागतात. ‘युनायटेड ९३’मध्ये (२००६) मात्र बेन स्लायनी हे अधिकारी स्वतःच्याच भूमिकेत चपखल बसतात. ११ सप्टेंबर २००१ला अमेरिकेतली सगळी विमानं जमिनीवर उतरवण्याचा आदेश देणारे हेच. आणि त्या पदावरचा तो त्यांचा पहिलाच दिवस होता. ‘कॅप्टन फिलिप्स’च्या (२०१३) शेवटी हादरलेल्या टॉम हँक्सला तपासणारी परिचारिका म्हणजे नौदलात खरोखर तेच काम करणारी सैनिक. तो प्रसंग जवळजवळ आयत्या वेळी उभा केलेला. हे दोघे का जमले आणि ते तिघे का अडखळले? मला वाटतं, माणूस रोजचं काम करताना कॅमेरा विसरतो, हात आपोआप चालतात. मित्राशी सहज गप्पा मारणं हे मात्र दुसऱ्याने लिहून दिलं की सहज राहत नाही. त्याला नटच लागतो.

कायद्याचं थोडं. ‘यातील सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ ही पाटी कुठून आली, याची गोष्ट मोठी रंजक आहे. १९३२मध्ये हॉलिवूडच्या एमजीएम कंपनीने रशियाच्या झारच्या दरबारात वजन असलेल्या रासपुतीनवर चित्रपट काढला. त्याला १९१६मध्ये मारणाऱ्यांपैकी एक, फेलिक्स युसुपोव्ह, तेव्हा हयात होता. चित्रपटात मारेकऱ्याचं नाव वेगळं होतं, त्याच्या वाग्दत्त राजकन्येचं नाव नताशा ठेवलं होतं आणि रासपुतीन तिच्यावर अत्याचार करतो असं सूचित केलं होतं. आता खुनी कोण हे जगाला ठाऊक, म्हणजे त्याची बायकोही ठाऊक. खरी बायको इरिना युसुपोव्ह लंडनमध्ये न्यायालयात गेली. कंपनीच्या वकिलांचा एक मुद्दा असा होता, की अत्याचार झाला असं दाखवण्यात बाईची बदनामी कशी, तिचा काय दोष? न्यायालयाने तो मानला नाही. १९३४मध्ये तिला २५,००० पौंड भरपाई मिळाली. तेव्हापासून ती पाटी झळकू लागली. आज जाहिरातीत ‘सत्य घटनेवर आधारित’ आणि पडद्यावर ‘सर्व काही काल्पनिक’ अशी दोन्ही वाक्यं एकाच चित्रपटाला सुखाने नांदतात. पहिलं तिकीट विकण्यासाठी, दुसरं वकिलांसाठी.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९४च्या राजगोपाल खटल्यात सांगितलं, की कुणाचंही खासगी आयुष्य संमतीशिवाय छापता येणार नाही, मात्र न्यायालयीन कागदपत्रांसारख्या सार्वजनिक नोंदींत जे आहे त्याला ही अट नाही. आणि माणूस गेला की हा अधिकार वारसांना मिळत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३मध्ये एका दिवंगत अभिनेत्याच्या प्रकरणात म्हटलं. म्हणजे मर्डोकचे नातलग इथे असते तरी त्यांना फारसं काही करता आलं नसतं.

त्याच १९९४ साली फूलन देवी हयात होती, नुकतीच तुरुंगातून सुटली होती आणि ‘बँडिट क्वीन’ पाहून तिने न्यायालय गाठलं. तिच्यावरचे बलात्कार पडद्यावर दाखवायला आपली परवानगी नव्हती, असं तिचं म्हणणं. बेहमईच्या हत्याकांडाचा खटला अजून उभा होता, ती गोळ्या झाडल्याचं नाकारत होती आणि चित्रपट मात्र निकाल देऊन मोकळा झाला होता. उच्च न्यायालयाने प्रदर्शन काही काळ रोखलं, पुढे तडजोड झाली. चित्रपट म्हणून तो ताकदीचा आहे, हे मी नाकारणार नाही. पण जिची बाजू घेतल्याचा दावा करायचा तिलाच न विचारता तिचं सगळ्यात भयंकर दुःख पडद्यावर मांडायचं, हे मला आजही खटकतं.

परवानगी घेतली की प्रश्न सुटतो असं मात्र समजू नका. संमती देणारा माणूस बहुधा शेजारी बसून पटकथाही वाचतो. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सोडी’च्या निर्मितीत बँडमधले हयात सहकारी सामील होते. पडद्यावर ते सहनशील, समजूतदार, वेळेवर घरी जाणारे दिसतात. बिघडतो तो फ्रेडी, जो १९९१मध्येच गेला. विनासंमती चित्रपटात जिवंत माणसावर अन्याय होण्याचा धोका असतो, संमती घेतलेल्या चित्रपटात मेलेल्यावर.

कधी कधी उलटही घडतं आणि पडदाच खऱ्या माणसाला घडवतो. चंद्राकडे निघालेल्या यानात बिघाड झाल्याची गोष्ट सांगणाऱ्या ‘अपोलो १३’मधलं (१९९५) ‘फेल्युअर इज नॉट अॅन ऑप्शन’ हे वाक्य नियंत्रण कक्षाचे प्रमुख जीन क्रांझ यांनी १९७०च्या त्या दिवसांत उच्चारलंच नव्हतं. पटकथाकारांनी त्यांच्या एका सहकाऱ्याशी बोलताना ते पकडलं आणि क्रांझच्या तोंडी घातलं. क्रांझना ते इतकं आवडलं की २०००मध्ये स्वतःच्या आत्मचरित्राला त्यांनी तेच नाव दिलं. ‘ह्यूस्टन, वी हॅव अ प्रॉब्लेम’ हेही मूळ वाक्य थोडं वेगळं होतं, भूतकाळी, आणि पहिल्यांदा ते म्हणाला यानातला अंतराळवीर जॅक स्विगर्ट. पडद्यावर ते मोहिमेचा प्रमुख जिम लॉव्हेलच्या वाट्याला आलं. यानातलं ते गाजलेलं भांडणही कल्पित.

त्याच चित्रपटाच्या शेवटी तिघे समुद्रातून जहाजावर येतात तेव्हा लॉव्हेल झालेल्या टॉम हँक्सशी हस्तांदोलन करणारा जहाजाचा कप्तान म्हणजे खुद्द जिम लॉव्हेल. चित्रीकरणाच्या वेळी त्यांना सुचवलं गेलं की तुम्हाला अॅडमिरल दाखवू या. त्यांनी नकार दिला. मी निवृत्त झालो तो कॅप्टन म्हणून, कॅप्टनच राहीन, म्हणाले. आणि कपाटातून नौदलातला आपला जुना गणवेश काढून तो घालून आले.